आंबलेल्या कागदांचे सर

माझ्या लग्नाची पत्रिका सरांच्या हातात दिली तेव्हा त्यांनी तिच्यातला मजकूर वाचलाच नाही. आधी ती नाकाजवळ नेली, मग खिडकीशी जाऊन उजेडात धरली, आणि मी 'अहो सर' म्हणेपर्यंत तिचा खालचा कोपरा दुमडलासुद्धा. एकदा पुढे, एकदा मागे. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. चौथ्या घडीला 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं' हे माझ्या भाचरांचं आवतण तुकडा होऊन त्यांच्या टेबलावर पडलं.

"चार," सर म्हणाले. "नुसता दिखाऊ कागद आहे. तुमचा संसार मात्र टिकेल, तुमचा आवाज खणखणीत आहे."

एवढं झाल्यावर त्यांनी तारीख वाचली, 'येतो' म्हणाले, आणि तो तुकडा एका पाकिटात घालून पाकिटावर 'चार' असं लिहून ठेवलं. लग्नाला ते आले. आहेराचं पाकीट देताना त्यांनी माझ्या नवऱ्याला बजावलं की हे पाकीट चांगल्या कापडी लगद्याचं आहे, फाडून टाकू नका. ते पाकीट अजून आमच्या कपाटात आहे. नवरा ते टाकायला घाबरतो.

नाशिकमधल्या एका छोट्या संस्थेत मी ग्रंथपाल म्हणून लागले तेव्हा सर निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण हे त्यांना कोणी सांगितलेलं नसावं. रोज सकाळी साडेदहाला ते यायचे. संस्थेत जुन्या पोथ्या, दप्तरं, लोकांनी देणगी दिलेले घरगुती कागद, असा पसारा आहे. त्याची डागडुजी हे सरांचं काम. मागच्या बाजूला त्यांची एक अंधारी खोली होती. तिच्यात ट्रे, ब्रश, टीपकागद आणि एक दगडी पाटा. आम्ही तिला दवाखाना म्हणायचो. सर तिला 'विभाग' म्हणायचे. त्या विभागात एकच माणूस होता, तरी त्याची हजेरी वेगळी ठेवली जायची.

सरांचं लाडकं वाक्य एकच होतं. "कागद मरत नाही, आंबतो." दिवसातून निदान तीनदा तरी ते कोणाला ना कोणाला ऐकावं लागे. पहिल्या आठवड्यात मी मान हलवली, दुसऱ्या आठवड्यात चुकून विचारलं की म्हणजे काय. तो माझा दुपारचा डबा राहिला तो राहिलाच.

त्यांनी पंच्याची एक सुताची दशी ओढून काढली आणि माझ्यासमोर धरली. कागद काय, कापूस काय, आतून सगळा असाच लांब लांब धागा. डोळ्यांना न दिसणारा. धागा लांब आहे तोवर कागद दुमडा, मुडपा, काही होत नाही. पण कागदात आंबटपणा शिरला की तो हा धागा मधूनमधून तोडत बसतो. वरून काही दिसत नाही. कागद थोडा पिवळा पडतो, एवढंच. आणि एक दिवस कोणीतरी पान उलटतं आणि कोपरा हातात येतो. हे सांगताना सरांनी कात्रीने त्या दशीचे बारीक तुकडे केले, फुंकर मारली, आणि ते माझ्या पोळीभाजीवर पडले.

"आणि हा आंबटपणा येतो कुठून?" मी डबा सरकवत विचारलं.

"कारखान्यातून बरोबरच येतो. शाई पसरू नये म्हणून कागदात तुरटी घालायचे ना. शिवाय लाकडाचा लगदा. तुमच्या वर्तमानपत्राला उन्हात ठेवा, आठ दिवसांत रोगट दिसेल. तीनशे वर्षांची पोथी बघा, चिंध्यांचा कागद, कशी ठणठणीत आहे. आमच्याकडे आजोबा धडधाकट आणि नातवंडं खाटेवर, असा प्रकार आहे."

या आंबटपणावर सरांचा उतारा म्हणजे चुना. पानाला लावतो तोच. तो पाण्यात कालवून, निवळू देऊन, वरचं स्वच्छ पाणी घ्यायचं आणि त्यात कागदाला आंघोळ घालायची. त्यासाठी सर रविवार कारंजावरच्या एका पानवाल्याकडून किलोने चुना घ्यायचे. पानवाला बिचारा वर्षानुवर्षं हैराण. एकदा मी सोबत होते तेव्हा त्याने मला हळूच बाजूला घेतलं. "ताई, रागावू नका, पण सर तंबाखू कुठून घेतात? एवढ्या चुन्याला पोतंभर लागत असेल. आपल्याकडून काय चुकलं का?" मी सरांना हे सांगितलं. त्यांना हसू आलं नाही. पुढच्या वेळी त्यांनी पानवाल्याच्या गल्ल्यातली एक चिठ्ठी चुन्याच्या पाण्यात बुडवून, सुकवून आणून दिली. पानवाल्याने ती फ्रेम करून लावली. काच लावून. ते बघून सर आणखी चिडले, कारण मागे पुठ्ठा हलका होता.

त्यांची खरी लढाई मात्र चिकटपट्टीशी होती. चिकटपट्टी, टाचण्या, रबरबँड, आणि सगळ्यात वाईट म्हणजे लॅमिनेशन. सीबीएस बसस्थानकाजवळ एका झेरॉक्सच्या दुकानात लोक दाखले लॅमिनेट करायला रांग लावतात. सर घरी जाताना त्या रांगेपाशी उभे राहायचे. पेठकडची एक बाई मुलाचा जातीचा दाखला घेऊन उभी होती, तिला त्यांनी इतकं समजावलं की ती दाखला पदरात लपवून निघूनच गेली. त्या दिवशी दुकानदाराने मला फोन केला. आमचा नंबर त्याने संस्थेच्या पाटीवरून घेतला होता.

"मॅडम, तुमच्या सरांना आवरा. लोक घामाच्या हातानं दाखला खिशात घालतात, पावसात भिजवतात. माझं प्लास्टिक नसेल तर दिवाळीपर्यंत भुसा होईल त्याचा."

खरं सांगायचं तर मला दुकानदाराचंच पटलं. तसं मी सरांना म्हटलंही. त्यांनी हातातला ब्रश खाली ठेवला. मग म्हणाले, "आज वाचवायचं म्हणून कागदाला काहीही चिकटवायचं नसतं हो. जे चिकटवलंय ते म्हातारं झाल्यावर कसं वागेल, हे आपल्याला माहीत नसतं." आणि मग उठून हात धुवायला गेले. ते बोलता बोलता असे उठून जायचे नाहीत, म्हणून लक्षात राहिलं.

आणखी एक गोष्ट लक्षात राहिली होती. आमच्या एका सहकाऱ्याच्या निरोपाची पार्टी कॉलेज रोडवरच्या एका चायनीज हॉटेलात होती. टेबलावर मिरच्या घातलेली व्हिनेगरची बाटली होती. कोणीतरी झाकण उघडलं आणि सर ताटावरून उठले. बाहेर जाऊन फुटपाथवर उभे राहिले. सूपसुद्धा घेतलं नाही. आम्ही आपले अंदाज बांधले. कोणी म्हणालं पित्त, कोणी म्हणालं धर्म. सरांच्या पत्नीला, काकूंना, विचारलं तर त्या म्हणाल्या, "घरात मी कैरीचं लोणचं घालते, ते चालतं. व्हिनेगर दिसलं की मात्र यांचं तोंड असं होतं. लग्नात असं नव्हतं हो." काकूंच्या दृष्टीने लग्नानंतर जे जे बिघडलं त्याची एक वेगळी यादी होती. तिच्यात खिडकीला टांगलेल्या सुती शर्टांच्या पट्ट्याही होत्या. उन्हाने कापूस किती दिवसांत विरतो ते सर बघायचे, आणि दर महिन्याला एक पट्टी ओढून तोडायचे. पट्टी तुटली की खूश व्हायचे.

व्हिनेगरचं रहस्य उलगडलं ते रंगकामामुळे. संस्थेला रंग द्यायचा होता, सगळी कपाटं हलवायची होती. सरांच्या खोलीत कोपऱ्यात एक लोखंडी कपाट होतं, त्याची किल्ली ते कोणाला द्यायचे नाहीत. त्या दिवशी ते दातांच्या डॉक्टरकडे गेले होते. हमालांनी कपाट कलतं केलं आणि दार आपसूक उघडलं. आतून असा वास आला की एक हमाल म्हणाला, "ताई, हित भेळवाला राहत व्हता काय?" व्हिनेगरचा उग्र, डोळ्यांत पाणी आणणारा वास. आत जुनी पत्रं, सनदा, नकाशे, सगळ्यांना दोन्ही बाजूंनी पातळ पारदर्शक कागद चिकटवलेला. पण तो पापडासारखा फुगलेला, कडेने गुंडाळलेला, मधे मधे चिकट घाम सुटलेला. आणि आतला कागद तपकिरी.

सर आले तेव्हा मी त्या ढिगासमोर फतकल मारून बसले होते. मला राग आला होता. मी म्हणाले, "सर, हा गाढवपणा कोणी केला?"

"मी," सर म्हणाले.

मग त्यांनी सगळं सांगितलं, खुर्चीवर न बसता, एखाद्या विद्यार्थ्यासारखं उभं राहून. तरुणपणी संस्थेने त्यांना दिल्लीला शिकायला पाठवलं होतं. तिथे ही पद्धत शिकवली. जीर्ण कागदाच्या दोन्ही बाजूंना ही पारदर्शक फिल्म ठेवायची आणि वरून अॅसिटोनमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा फिरवायचा. फिल्म विरघळून कागदाला बिलगते. यंत्र नको, वीज नको. कोणीही लबाडी केली नव्हती, त्या काळातलं तेच उत्तम ज्ञान होतं. सर परत आले आणि त्यांनी झपाट्याने कामाला सुरुवात केली. ती फिल्मसुद्धा कापसाच्याच धाग्यापासून केलेली. फक्त त्या धाग्याला व्हिनेगरमधलं आम्ल जोडून.

"कागदाचीच बहीण म्हणून घरात आणली," ते म्हणाले. "पुढे म्हातारपणी ती आम्ल सोडायला लागते. उकाडा असला, दमटपणा असला की लवकर. आणि ते सुटलेलं आम्ल तिला स्वतःला तर खातंच, कागदालाही खातं."

त्यांनी टेबलाच्या खणातून एक वही काढली. संस्थेबाहेरच्या लोकांचे कागद त्यांनी हौसेने, फुकट करून दिले होते. त्यांची नावं आणि गावं. ओझरचे एक गृहस्थ, देवळाली कॅम्पातलं एक पारशी कुटुंब, विंचूरचे एक व्यापारी. निवृत्तीनंतर दर रविवारी सर एसटीने एकेका गावाला जायचे, कागद बघायचे, आणि नाकाने ठरवायचे. सहज भेटायला आलो असं सांगायचे, पण खरं काय ते कोणाला सांगायचे नाहीत. कागद बिघडला असेल तर 'जरा साफ करून देतो' म्हणून घेऊन यायचे, रात्रंदिवस खपून फिल्म उतरवायचे आणि परत नेऊन द्यायचे. लोक आभार मानायचे. सर ते आभार घेऊन यायचे.

"म्हणजे तुम्ही त्यांना सांगितलंच नाही?" मी विचारलं.

"धाडस होत नाही," सर म्हणाले. मला वाटलं ते रडतील. रडले नाहीत, पण चष्मा पुसत राहिले. माझा राग कुठल्या कुठे गेला आणि मला त्यांची भयंकर दया आली. म्हणून मी म्हणाले की पुढच्या वेळी मी येते.

वहीत शेवटचं एक नाव उरलं होतं, सटाण्याच्या पुढे मोसम नदीकाठचं. तो कागद एकट्या घराचा नव्हता, गावाचा होता. पाटाचं पाणी कोणाच्या शेताला कधी आणि किती वेळ, याची पाळी कोणे एके काळी पंचांनी ठरवून मोडीत लिहून ठेवलेली. कागद ठेवायचा मान एका घराकडे. दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्या घरची मोठी सून तो पेटीतून काढून लाकडी पाटावर ठेवते, हळदकुंकू वाहते, आणि गाव पाळी वाचून घेतं. आता पाळी सगळ्यांना पाठ आहे, मोबाइलमध्येही आहे. तरी कागद निघाल्याशिवाय पाट सुरू झाल्यासारखं त्यांना वाटत नाही.

वैशाखातली सकाळ होती. सरांनी पिशवीत पाठपुठ्ठे, टीपकागद, सुती फडकं असं सगळं घेतलं होतं. देवळ्याला गाडी थांबली तेव्हा त्यांनी चहा नको म्हटलं. वाटेत दोनदा मला म्हणाले, "आज सांगून टाकतो." तिसऱ्यांदा म्हणाले, "बघू."

सरांनी फोनवर 'येतो' एवढंच कळवलं होतं, पण गावात पोचलो तर घरासमोर माणसं जमलेली. ओट्यावर सतरंजी, खुर्ची, आणि खुर्चीवर घडी केलेली शाल आणि नारळ. घरचे म्हातारे, आबा, नव्वदीकडे झुकलेले, पागोटं सावरत पुढे आले. "या साहेब, या. तुम्ही उनात, गावले बरं वाटनं." सरांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला हसू आवरेना. सहज भेटायला आलेल्या माणसाचा सत्कार होणार होता.

मी हात धुवायला आत गेले. चुलीपाशी दोघी जावा होत्या. धाकटी बोलकी होती, ती पाणी देत होती. मोठी, सुमनबाई, पन्नाशीची, चहा गाळत होती आणि मान वर करत नव्हती. मी म्हटलं, आखाजीला कागद तुम्हीच काढता ना? तिने चहाची गाळणी झटकली. धाकटी म्हणाली, "नही ताई, मी काढस. इन्हा हातथून ते बंद शे."

मग तिने ते सांगितलं, मोठीच्या देखतच, रोजचंच असल्यासारखं. बऱ्याच वर्षांपूर्वी एका आखाजीला पेटी उघडली तर कागदाला आंबट वास. सासू म्हणाली, सुमनने लोणच्याची बरणी पेटीपाशी ठेवली, म्हणून गावाचा कागद आंबला. बरणी खरंच त्या खोलीत होती. सगळ्या बरण्या त्याच खोलीत असायच्या. पण त्या दिवसापासून सुमनबाईंना कागदाला हात लावायची बंदी, आणि लोणचं घालायचीही बंदी. लोणचं धाकटीने घालायचं. गावात कोणाचं भांडण झालं की तिला ऐकवायचं. सासू जाऊनही पाच-सहा वर्षं झाली होती. तिच्या मागे ते चालूच होतं.

मी ओल्या हातांनी तशीच बाहेर आले. सरांच्या अंगावर शाल पडली होती आणि मांडीवर नारळ होता. धाकटी जाऊबाई माझ्यामागून कागद घेऊन आली, लाल फडक्यात, आणि तो मांडीवर घेऊन सतरंजीवर बसली. सरांनी फडकं उघडलं. त्यांनी वास घेतला नाही, त्याची गरजच नव्हती. फिल्म कडेने सुटून वळली होती, कागदाला मधून चिरा गेल्या होत्या. काजळाची शाई मात्र जागच्या जागी होती.

आबा लोकांना सांगत होते, "साहेबनी कागद वाचाडा म्हनून आज शे. नही तर आमनी मोठी सूननी..." पुढचं त्यांनी हाताने दाखवलं. माणसं हसली. तेवढ्यात सुमनबाई चहाचा ट्रे घेऊन दारात आल्या होत्या. त्यांनी ते पाहिलं. त्यांचा चेहरा बदलला नाही, आणि ते बघून मला फार वाईट वाटलं.

आता सरांनी गप्प बसायचं ठरवलं असतं तर कोणाला काही कळलं नसतं. कागद घेऊन यायचा, साफ करायचा, परत द्यायचा. शाल तर मिळालीच होती. मी त्यांना काही बोलले नाही. मला धाकटीकडून कळलेलंही सांगायला वेळ नव्हता. पण आबांच्या त्या हाताच्या खुणेवरून त्यांना विचारावंसं वाटलं असावं.

"मोठ्या सूनबाईंनी काय केलं?" त्यांनी विचारलं.

बाजूच्या एकाने सांगितलं, लोणच्याची बरणी.

सरांनी नारळ खाली ठेवला. शाल काढली, तिची नीट घडी घातली आणि नारळावर ठेवली. मग म्हणाले, "लोणच्यानं असं होत नाही. हा वास मी चिकटवलेल्या फिल्मचा आहे. कागद माझ्यामुळे आंबला. यांचा काही दोष नाही."

 आबांनी कानामागे हात धरला. "काय म्हनतस?"

सुमनबाईंनी ट्रे जमिनीवर ठेवला. त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. "आबासले कमी आयकू येस. मोठ्यानं सांगा."

सर आबांच्या कानाशी वाकले आणि ओरडले. "कागद माझ्यामुळे खराब झाला. तुमच्या सुनेमुळे नाही." त्यांचा आवाज मधेच चिरकला. आबा त्यांच्याकडे बघत राहिले, मग सुनेकडे, मग खाली.

"गल्लीमा बी लोक शेतस," सुमनबाई म्हणाल्या. "त्यासले बी सांगा."

ऐंशीच्या घरातला तो माणूस ओट्याच्या कडेला गेला. खाली पाण्याचे हंडे घेतलेल्या दोघी-तिघी आणि ट्रॅक्टरवरचा एक जण थांबले होते. सरांनी त्यांना हात जोडले आणि तेच परत सांगितलं, शेवटच्या शब्दापर्यंत, दमत दमत. मी त्यांचा दंड धरला होता. 

"आते पुरे," सुमनबाई म्हणाल्या.

त्यांनी पदराला हात पुसले, जावेच्या मांडीवरून कागद उचलला आणि दोन्ही हातांवर आडवा धरून सरांसमोर आणला. सरांनी पुठ्ठा पुढे केला. त्या लगेच ठेवेनात. सरांनीही घाई केली नाही, पुठ्ठा तसाच धरून उभे राहिले.